ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया: वयाप्रमाणे जागा बदलणारा रक्तस्राव कसा सांभाळावा

घोळणा फुटला की मुलाचे डोके मागे टाकायचे, टाळूवर गार पाण्याची धार धरायची आणि हुंगायला कांदा द्यायचा, हा उपचार आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. बहुतेक मुलांचे रक्त पाच-सात मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. माझ्या भाचीचे रक्त थांबत नसे. गोव्यात डिचोलीच्या घरी ती दोन वर्षांची असताना एकदा दीड तास नाक वाहत राहिले, आणि त्यानंतर तीन वर्षे जिथे जावे तिथे एकच उत्तर मिळाले: प्लेटलेट अडीच लाख आहेत, काळजीचे कारण नाही. संख्या खरोखरच उत्तम होती; दोष संख्येत नव्हताच, प्लेटलेटच्या एकमेकींना चिकटण्यात होता. पाचव्या वर्षी निदान झाले तेव्हा ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया हे नाव आमच्या घरात कोणी ऐकलेले नव्हते.

ज्या कुटुंबात हे किंवा याच जातीचे निदान झाले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. हा आजार वाढत जाणारा नाही. जनुकातला दोष जन्मापासून अखेरपर्यंत तोच राहतो. बदलते ती रक्तस्रावाची जागा. लहानपणी नाक आणि हिरड्या, मुलींच्या बाबतीत पुढे मासिक पाळी आणि बाळंतपण, उतारवयात आतडी, असा त्याचा सर्वसाधारण प्रवास असतो. कुटुंबे नेमकी इथे चुकतात. नाक सांभाळण्यात ती तरबेज होतात आणि तोवर आजार दुसऱ्या दाराशी येऊन उभा राहिलेला असतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची तयारी तो टप्पा येण्यापूर्वी करावी.

दोष नेमका कुठे असतो

हा विकार १९१८ साली एदुआर्द ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञाने प्रथम वर्णिला. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर फायब्रिनोजेन पकडणारे एक प्रथिन असते. निरोगी प्लेटलेटवर त्याचे सुमारे ८०,००० रेणू असतात. जखम झाली की या प्रथिनांच्या हातांनी प्लेटलेट फायब्रिनोजेनचा दोर पकडतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. ग्लान्झमनच्या रुग्णात हे हात नसतात, फार कमी असतात किंवा असूनही पकड घेत नाहीत. प्लेटलेट जखमेपाशी पोहोचतात, तिथे टेकतातही, पण त्यांचा गठ्ठा होत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाची अँजिओप्लास्टी करताना टायरोफिबॅनसारखे औषध देऊन डॉक्टर हेच प्रथिन काही तासांपुरते मुद्दाम बंद करतात. त्या रुग्णाला थोडा वेळ जे दिले जाते, ते या मुलांना जन्मभर मिळालेले असते.

या प्रथिनाचे दोन भाग दोन जनुकांवरून बनतात आणि दोन्ही जनुके सतराव्या गुणसूत्रावर आहेत. आई व वडील या दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली तरच आजार होतो. एकच सदोष प्रत असलेले आईवडील स्वतः धडधाकट असतात, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असे कोणालाच नाही’ हे वाक्य खरे असूनही काही सिद्ध करत नाही. असे दोघे एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची पद्धत ज्या समाजांत आहे, तिथे असे योग अधिक जुळून येतात. त्याचा दोष सुनेच्या माथी मारण्याची सवयही आपल्याकडे आहे. पण या आजारात वाटा अर्धा-अर्धा असतो, हे घरातल्या मोठ्यांना एकदा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे.

निदानाची पायरी

संख्या आणि आकार नेहमीसारखा, रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्याही नेहमीसारख्या, आणि तरीही त्वचेवर, नाकातून व हिरड्यांतून वारंवार रक्त येणे, असे चित्र दिसले की प्लेटलेटचे काम तपासून घ्यावे. त्यासाठीची मुख्य चाचणी ॲग्रिगोमेट्रीची, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना कितपत चिकटतात ते पाहण्याची. तिच्यासाठी रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत तपासावे लागते, म्हणून नमुना कुरिअरने पाठवून भागत नाही. जिथे ही सोय आहे तिथे रुग्णालाच जावे लागते. प्रथम बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, दाखवून तिथून पत्र घ्यावे. मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे आणि दक्षिणेत वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे; रक्तविकारांच्या अशा तपासण्यांसाठी या संस्था जुन्या आणि जाणत्या आहेत. जाण्यापूर्वी आठ-दहा दिवस ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी कोणतीही वेदनाशामके घेतलेली नसावीत, नाहीतर निकाल फसवा येतो. फ्लो सायटोमेट्रीने वर सांगितलेले प्रथिन किती आहे ते मोजले जाते. जनुकचाचणीही अवश्य करावी. पुढच्या गरोदरपणात गर्भाचे निदान करायचे झाल्यास तिचाच आधार लागतो.

बर्नार्ड-सूलिए हा याचा भाऊबंद आजार १९४८ साली पॅरिसमध्ये वर्णिला गेला. त्यात प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात, त्यामुळे त्याला आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार) समजून वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले जाण्याचा धोका असतो. उपचाराला दाद न देणारा ‘आयटीपी’ आणि अहवालात ‘जायंट प्लेटलेट’ हे शब्द एकत्र दिसले, तर दुसरे मत घ्यावे. सांभाळण्याच्या पुढच्या बहुतेक गोष्टी दोन्ही आजारांना लागू पडतात.

वही आणि पत्र

निदानाच्या दिवशीच एक जाड वही घ्यावी. रक्तस्राव कधी झाला, कुठून झाला, किती वेळ चालला, काय केल्यावर थांबला, हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) किती होते, आणि रक्त किंवा प्लेटलेट चढवल्या असतील तर कोणत्या प्रकारच्या व किती, एवढे त्यात लिहीत जावे. याच आजारात, अगदी एकाच घरातल्या दोन भावंडांतही, रक्तस्रावाची तीव्रता वेगवेगळी असते आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून ती सांगता येत नाही. म्हणून पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज बांधायला रुग्णाचा स्वतःचा इतिहास अहवालांइतकाच उपयोगी पडतो.

वहीबरोबर तज्ज्ञ डॉक्टरांच्या सहीचे एक पानी पत्र सतत जवळ असावे. त्यात आजाराचे नाव, रक्तगट, वजन, चालणारी व न चालणारी औषधे, आणि सर्वांत वर ‘प्लेटलेटची संख्या नॉर्मल दिसेल, त्यावर विसंबू नये’ हे वाक्य ठळक असावे. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळी गाठायला वेळ लागतो, आणि १०८ ची रुग्णवाहिका आधी जवळच्या आरोग्य केंद्रात, म्हापशाला किंवा मडगावला नेऊ शकते. तिथल्या डॉक्टरांनी हा आजार कधीच पाहिलेला नसेल तर त्यात त्यांची चूक नाही. पत्र असले की पहिला अर्धा तास समजावून सांगण्यात जात नाही. डोक्याला मार, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच, किंवा अर्ध्या तासात न थांबलेले नाक, यांपैकी काहीही झाले की घरी वाट पाहू नये.

पाळण्यापासून शाळेपर्यंत

तान्हेपणी पहिली खूण बहुधा न्हाऊ घालणाऱ्या बाईला दिसते: मालिश केलेल्या जागी निळे-जांभळे डाग, कपड्याच्या घट्ट नाडीखाली लाल ठिपके. निदान आधीच झाले असेल, म्हणजे मोठ्या भावंडाला आजार असेल, तर कान टोचणे पुढे ढकलावे आणि जावळ वस्तऱ्याने न काढता कात्रीने काढावे. देवाला बोललेले असेल तरीही कात्रीने जावळ निघतेच. लसी सर्व द्याव्यात, विशेषतः हिपॅटायटिस-बीची. फक्त बारीक सुई वापरण्यास व जिथे चालते तिथे लस त्वचेखाली देण्यास सांगावे आणि नंतर दहा मिनिटे जागा न चोळता दाबून धरावी. स्नायूत दिली जाणारी इतर इंजेक्शने टाळावीत.

नाकाचा त्रास या वयात सर्वांत जास्त असतो. मुलाला सरळ बसवावे, डोके किंचित पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटे सोडू नये आणि तोंडात आलेले रक्त थुंकायला सांगावे. डोके मागे टाकले की रक्त पोटात जाते, उलटी होते आणि किती रक्त गेले ते कळत नाही. नखे कापलेली असावीत. थंडीच्या कोरड्या दिवसांत नाकपुडीच्या आत रात्री व्हॅसलिनचे बोट फिरवावे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध बनलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. वजनानुसार मात्रा लिहून घेऊन ते घरात ठेवावे. हिरडीतून किंवा पडलेल्या दुधाच्या दाताच्या जागेतून रक्त येत असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार तीच ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून चूळ तोंडात धरता येते. मात्र लघवीतून रक्त येत असेल तर हे औषध स्वतःहून कधीही देऊ नये, कारण मूत्रमार्गात गुठळी अडकून किडनीला इजा होऊ शकते.

दातांची निगा हा खरे तर उपचारच आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की त्या रोज थोड्या थोड्या वाहतात, आणि रक्ताच्या भीतीने मूल ब्रश करत नाही म्हणून त्या आणखी सुजतात. मऊ ब्रश, सहा महिन्यांनी दंतवैद्य, आणि बांगडा-तारल्यांचे काटे काढून दिलेले मासे, एवढे पाळले तरी पुष्कळ फरक पडतो.

खेळाबाबत मी भिडस्त नाही. गोव्यातल्या मुलाला फुटबॉल नको म्हणणे कठीण आहे, पण डोक्याने चेंडू मारण्याचा खेळ या मुलांनी खेळू नये. पोहणे, बॅडमिंटन, धावणे पुष्कळ आहे. शाळेतल्या शिक्षकांना पत्राची मराठी प्रत द्यावी, कारण अंगावरचे वळ पाहून घरी मारतात की काय असा संशय आमच्या बहिणीवरही एकदा घेतला गेला होता.

पावसाळ्यात डेंगी सुरू झाली की शेजारपाजारहून पपईच्या पानांचा रस हटकून येतो. त्या रसाने प्लेटलेटची संख्या वाढते की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी या आजारात संख्या हा प्रश्नच नाही; हात नसलेल्या आणखी प्लेटलेट आल्याने काही साधत नाही. डेंगी मात्र या रुग्णांना फार धोक्याची, कारण कामात कमी असलेल्या प्लेटलेट संख्येनेही कमी होतात. ताप आला की फक्त पॅरासिटामॉल द्यावे, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मुळीच नाही, आणि इतरांपेक्षा लवकर इस्पितळात दाखवावे.

पहिली पाळी

मुलीच्या बाबतीत सर्वांत कठीण काळ कोणता, असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे पहिली पाळी सांगेन. सुरुवातीच्या काही महिन्यांत बीज नियमित सुटत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते, आणि सुटले की या आजारात ते दिवसेंदिवस थांबत नाही. हिमोग्लोबिन काही दिवसांत अर्ध्यावर येऊ शकते. स्तनांची वाढ दिसू लागल्यापासून साधारण दोन वर्षांत पाळी येते, म्हणून ती खूण दिसताच रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांची एकत्र भेट ठरवावी आणि पहिल्याच दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे लिहून घ्यावे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडबरोबर संप्रेरकांच्या गोळ्या हा इथला मुख्य आधार असतो.

‘एवढ्या लहान मुलीला पाळीच्या गोळ्या?’ असा प्रश्न घरातून येतोच. गंमत अशी की गणेशचवथीच्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून ज्या नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या आपल्या घराघरांत निःसंकोच घेतल्या जातात, त्याच जातीच्या गोळ्या इथे जीव वाचवण्यासाठी वापरायच्या असतात. देवासाठी चालते ते मुलीसाठी चालू नये, हे पटण्यासारखे नाही. पुढे सोळा-सतरा वर्षांनंतर, गरज पडल्यास त्याआधीही, गर्भाशयात बसवण्याच्या संप्रेरकयुक्त साधनाचा पर्याय विचारता येतो. ते बसवतानाही रक्त थांबवण्याची तयारी आधी करावी लागते.

एका तासात एक पॅड पूर्ण भिजत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडत असतील, किंवा सात दिवसांवर स्राव चालला असेल, तर तो ‘अंगात उष्णता’ नाही, तो रक्तस्राव आहे. ज्या घरांत अजून बाजूला बसण्याची पद्धत आहे, तिथे मुलगी किती पॅड बदलते हे कोणाला दिसत नाही आणि ती स्वतः सांगत नाही. निदान या मुलीपुरती ती पद्धत बंद करावी. दोन पाळ्यांच्या मध्यावर ओटीपोटात एकाएकी तीव्र दुखू लागले तर बीजकोशातून पोटात रक्त साठत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी सोनोग्राफीसाठी लगेच निघावे.

या वयापासून लोहाकडे सतत लक्ष हवे. हिमोग्लोबिन बारा असले तरी फेरिटिन तळाला गेलेले असू शकते. थकवा, केस गळणे, अभ्यासात मन न लागणे ही त्याची चिन्हे असतात. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबू चालते. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येते, स्नायूत नाही.

प्लेटलेट चढवणे: जपून वापरायचे अस्त्र

बाहेरच्या प्लेटलेट चढवल्या की रक्त थांबते, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी त्यांचा आग्रह धरण्याचा मोह होतो. पण ज्या शरीराने ते प्रथिन कधी पाहिलेलेच नाही, ते दात्याच्या प्लेटलेटना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. एकदा ती तयार झाली की पुढे खऱ्या संकटात, मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात, चढवलेल्या प्लेटलेट निकामी ठरू शकतात. त्यामुळे दाबणे, बर्फ, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, नाकाची पट्टी अशा साधनांनी थांबणाऱ्या रक्तासाठी प्लेटलेट खर्चू नयेत. द्यायच्याच झाल्या तर एकाच दात्याच्या, पांढऱ्या पेशी गाळलेल्या आणि शक्य असल्यास एचएलए (ऊतींचा प्रकार) जुळणाऱ्या मागाव्यात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेची तारीख रक्तपेढीला आधी कळवावी लागते.

नातेवाईक रांगेने रक्त द्यायला उभे राहतात, ही आपल्याकडची चांगली गोष्ट आहे. इथे मात्र ती अडचणीची ठरू शकते. पुढे कधी मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार करायचा झाला तर सख्खी भावंडे हीच पहिली निवड असते, आणि त्यांचे रक्त आधी चढवलेले असेल तर प्रत्यारोपण शरीराने नाकारण्याचा धोका वाढतो. शिवाय रक्ताच्या नात्यातले रक्त किरणोत्साराची प्रक्रिया केल्याशिवाय चढवू नये. काका-मामांनी रक्त जरूर द्यावे, पण ते रक्तपेढीत, दुसऱ्या कोणासाठी.

प्रतिपिंडे तयार झाली असतील तर रक्त गोठवणारा, कृत्रिमरीत्या बनवलेला सक्रिय घटक-सात हे औषध उपयोगी पडते. युरोपात त्याला या आजारासाठी २००४ साली आणि अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे ९० मायक्रोग्रॅम असून ती काही तासांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे खर्च मोठा होतो. गोव्यातल्या कुटुंबांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू ठेवावे आणि आपल्या उपचाराला त्यातून काय मिळते ते संकटापूर्वीच विचारून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची नावे आहेत, या आजाराचे नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या खिडकीवर ‘हे हिमोफिलियासारखेच’ म्हटल्याने काम होत नाही.

लग्न, बाळंतपण आणि त्यानंतर

वीस वर्षांनंतर नाकाचा त्रास बहुतेकांचा कमी होतो. नेमक्या याच काळात तपासण्या सुटतात, फाइल हरवते आणि लग्नाच्या वेळी आजार लपवला जातो. लपवू नये, नात्यात लग्न ठरत असेल तर जोडीदाराची जनुकचाचणी आधी करावी. गरोदरपणाआधी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी, कारण आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याच्या प्लेटलेट कमी करू शकतात आणि बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळंतपण रक्तपेढी आणि तज्ज्ञ एकाच छताखाली असलेल्या ठिकाणीच ठरवावे. पाठीच्या कण्यातली भूल टाळावी, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावू नये, आणि जन्मताच बाळाच्या प्लेटलेट मोजाव्यात. रक्तस्राव बाळंतपणानंतर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही उलटू शकतो, म्हणून माहेरी जाताना औषधे आणि पत्र बरोबर द्यावे.

चाळिशी-पन्नाशीनंतर आतड्यांचा क्रम लागतो. आतड्याच्या अस्तरातल्या नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांतून थेंब थेंब रक्त झिरपत राहते आणि एन्डोस्कोपीत जागा सहज सापडत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे रंगावरून ओळखणे अवघड जाते. गोळीचा काळेपणा हिरवट असतो. रक्ताचा डांबरासारखा, चिकट आणि उग्र वासाचा. शंका असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. काजूच्या हंगामातली हुर्राक ही दारू आणि सांधेदुखीची गोळी एकत्र घेणारे पुरुष आपल्याकडे कमी नाहीत. या रुग्णाने दोन्हींपासून दूर राहावे. रक्तदाब आवाक्यात ठेवावा, कारण वाढलेला दाब मेंदूतल्या रक्तस्रावाला निमंत्रण देतो.

प्लेटलेट चिकटत नाहीत म्हणून हृदयविकार होणार नाही किंवा शिरेत गुठळी होणार नाही, असे मानू नये. दोन्ही होऊ शकते. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ सवयीने ॲस्पिरिन लिहून देतील. पहिली गोळी घेण्यापूर्वी ते एक पानी पत्र त्यांच्यापुढे ठेवावे आणि रक्तविकारतज्ज्ञांशी त्यांचे फोनवर बोलणे करून द्यावे.